वाचकांचे प्रश्न : बर्फाविना नऊ महिने

गुलमर्गला २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या आणि स्केटिंग रिंकवरची, तालमीतली, ट्रॅकवर धावणारी काही पोरं क्रॉस-कंट्री स्कीइंगकडे वळली, म्हणजे पायात लांब स्की घालून, हातातल्या काठ्यांनी ढकलत बर्फावरचं लांब अंतर कापण्याकडे. बर्फ मिळतो जानेवारी ते मार्च, तोही शिबिरापुरता. बाकीचे नऊ महिने कोल्हापुरात बसून करायचं काय, याबद्दल आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. नावं वगळली आहेत, सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगा १५ वर्षांचा, तालमीतला. रोज ३०० जोर आणि ५०० बैठका मारतो. डबल पोलिंगला दंडात ताकद लागते म्हणतात, ती याच्याकडे भरपूर आहे. तरी शिबिरात काटकुळी पोरं त्याच्या पुढं गेली. चुकतंय कुठं?
— एक पालक, शुक्रवार पेठ

ताकद आहे, पण ती चुकीच्या जागी आणि चुकीच्या क्रमानं लागते आहे. जोर मारताना शरीर जमिनीपासून दूर ढकललं जातं. काम करतात ते छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडामागचा स्नायू. डबल पोलिंगमध्ये दोन्ही काठ्या एकदम रोवून शरीर त्यांच्यावरून पुढे न्यायचं असतं. तिथे आधी पोट आणि धड खाली येतं, मग बगलेखालचा पाठीचा रुंद स्नायू ओढतो आणि दंड अगदी शेवटी येतो. शर्यतीच्या वेगात काठी जमिनीला टेकलेली असते ती जेमतेम तीन दशांश सेकंद. एवढ्या वेळात दंडानं सुरुवात केली की पोट आणि पाठ यांना काम करायला वेळच उरत नाही. दहा मिनिटांत दंड भरून येतात आणि काटकुळं पोर निघून जातं, कारण ते आपलं सगळं वजन काठीवर टाकत असतं.

तालमीतल्या मुलांमध्ये आणखी एक सवय हमखास दिसते: मूठ आवळून धरणं. कुस्तीत ती हवीच. इथे ढकल संपताना बोटं उघडली पाहिजेत आणि काठी पट्ट्यावर लटकली पाहिजे. मूठ आवळलेली राहिली तर हात मांडीच्या मागे जात नाही, मनगट भरून येतं आणि काठी पुढे आणायला उशीर होतो.

घरी करायचा सराव सोपा आहे. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून दोन लांब पट्ट्या काढा आणि खिडकीच्या वरच्या गजाला, डोक्याच्या वीतभर वर, पक्क्या बांधा. हात कपाळासमोर, कोपर साधारण काटकोनात आणि अंगापासून थोडे बाहेर. वजन चवड्यावर, टाचा किंचित उचललेल्या, घोटे वाकलेले, कंबर उंच. आता हातांनी ओढायचं नाही. पोट आवळून धड खाली सोडायचं. हात छातीपर्यंत येईतो कोपराचा कोन तसाच ठेवायचा, त्यानंतरच तो उघडायचा. शेवटी हात मांडीजवळ, बोटं मोकळी. परत येताना कंबर आणि हात एकाच वेळी पुढे-वर. पहिले पंधरा दिवस २० ओढींचे चार संच, सावकाश. मग एक-एक मिनिटाचे सहा संच, मिनिटाला ५० ते ५५ ओढी. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा पुरे.

बाजूनं मोबाईलवर चित्रण करा आणि दोनच गोष्टी बघा. कोपर धडाच्या आधी उघडतोय का? आणि ढकलताना पोरगं खुर्चीवर बसल्यासारखं मागे बसतंय का? मागे बसणं हा बैठकांचा परिणाम असतो. घोटा वाकत नाही, सगळं वजन टाचेवर जातं आणि काठीवर काहीच येत नाही.

तालीम सोडायची गरज नाही. रस्सा चढणं या खेळाला फार उपयोगी, ते वाढवा: पाय न लावता तीन मीटर, चार ते सहा वेळा, मध्ये पूर्ण विश्रांती. मुद्गल चालेल. जोर शंभरावर आणा. बैठका १५०, आणि त्यातल्या निम्म्या एका पायावर, अर्ध्या खोलीपर्यंत. ५०० बैठकांनी मांडी दमदार होते हे खरं, पण स्कीवर तोल एका पायावर सांभाळायचा असतो आणि तो दोन पायांच्या बैठकीत कधीच तपासला जात नाही.

शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. जुन्या टिपणांत डायगोनल स्ट्राइडला (विरुद्ध हात-पाय आळीपाळीनं मारत घसरण्याला) सर्वाधिक महत्त्व आहे, नव्या व्हिडिओंत सगळे डबल पोलिंग करतात, आणि चढावर तर चक्क धावतात. मुलांना नेमकं काय शिकवावं?
— एक शिक्षक, कागल

टिपणं आणि व्हिडिओ, दोन्ही आपापल्या काळापुरते बरोबर आहेत. १९८२ साली अमेरिकेच्या बिल कॉकनं स्केटिंगची, म्हणजे पाय बाजूला ढकलायची, ढब वापरून विश्वचषक मालिका जिंकली. तीन-चार वर्षांत स्केटिंगचा असा बोलबाला झाला की आंतरराष्ट्रीय महासंघाला शर्यतीच क्लासिक (स्की समांतर ठेवून) आणि फ्री (स्केटिंगला मुभा) अशा दोन प्रकारांत विभागाव्या लागल्या. ऑलिम्पिकमध्ये ही विभागणी १९८८ च्या कॅल्गरीपासून आली. पुढे यंत्रानं दाबलेले कडक मार्ग, वेगवान स्की आणि धडाच्या ताकदीवर दिलेला भर यांमुळे क्लासिकमध्येही डबल पोलिंग वाढत गेलं. स्वीडनमधल्या ९० किलोमीटरच्या वासालोपेटमध्ये आघाडीचे पुरुष पकडीचं (स्की मागे सरकू न देणारं) मेण न लावता सबंध अंतर काठ्यांवर काढतात. डायगोनल नामशेष होऊ नये म्हणून क्लासिकची काठी बुटासह उंचीच्या ८३ टक्क्यांपेक्षा लांब नसावी, असा नियम २०१६ च्या हंगामापासून आला. काही शर्यतींत ठरावीक चढांवर डबल पोलिंगला बंदीही असते.

चढावर धावणं म्हणजे नॉर्वेच्या योहान्स क्लेबोनं गाजवलेली ढब. २०२५ च्या ट्रॉन्डहाइम जागतिक स्पर्धेत त्यानं सहाच्या सहा सुवर्णपदकं घेतली, तेव्हापासून प्रत्येक पोराला तसंच धावायचं असतं. ती ढब घसरण जवळजवळ सोडून देऊन पावलांची गती वाढवण्यावर उभी आहे. ज्याला घसरण येते त्यानं ती सोडली तर डावपेच झाला. ज्याला येतच नाही तो नुसता स्की घालून पळतोय.

आमचं मत असं: चौदा वर्षांपर्यंत एका पायावर घसरणं, तोल आणि सगळ्या ढबींची तोंडओळख. चौदा ते सोळा डबल पोलिंगचा क्रम पक्का करणं. धावत चढणं सोळानंतर. त्याची तयारी मात्र आधीपासून करता येते: टेकडीवर काठ्या घेऊन उड्या मारत चढणं. त्याबद्दल पुढे पावसाळ्याच्या प्रश्नात.

आयात केलेल्या रोलर-स्की (रस्त्यावर चालणाऱ्या, चाकांच्या स्की) परवडत नाहीत. उद्यमनगरातल्या कारखान्यांत बनवून घेता येतील का?
— तीन पालकांनी मिळून विचारलेला प्रश्न, मंगळवार पेठ

स्केटिंगच्या येतील. क्लासिकच्या बनवू नका. क्लासिकच्या एका चाकात मागे न फिरू देणारं एकदिशा बेअरिंग असतं. ते चढावर घसरलं तर पोर तोंडावर आपटतं, आणि ते नीट बसवायला लागणारी अचूकता एका जोडीसाठी परवडणार नाही.

स्केटिंगच्या रोलर-स्कीला दोनच चाकं, एक पुढे आणि एक मागे, १०० मिमी व्यासाची आणि २४ मिमी रुंदीची. दोन आसांमधलं अंतर ५३० मिमीच्या खाली नको. शिकणाऱ्यासाठी ६०० ठेवा, स्थिर राहते. साठ किलोपर्यंतच्या मुलाला ४० मिमी रुंद, २५ मिमी उंच आणि ३ मिमी जाडीची अॅल्युमिनियमची पोकळ नळी पुरते. ६०६१-टी६ मिळाली तर उत्तम. चाक धरणारे काटे नळीला वेल्ड करू नका, बोल्टनं जोडा. या अॅल्युमिनियमला उष्णताप्रक्रियेनं ताकद आलेली असते आणि वेल्डच्या आजूबाजूला ती उतरते. चीर पडते ती नेमकी तिथेच. आसाला ८ मिमीचा ८.८ ग्रेडचा बोल्ट, नायलॉक नट, आणि दोन बेअरिंगच्या मध्ये बरोबर मापाचा स्पेसर. स्पेसर तोकडा असला तर नट आवळताच बेअरिंग जाम होतं.

बाइंडिंगचे (बूट स्कीला अडकवणाऱ्या भागाचे) स्क्रू थेट ३ मिमीच्या भिंतीत धरत नाहीत. नळीच्या आत १० मिमीची अॅल्युमिनियम पट्टी सरकवा आणि आटे त्यात पाडा. बाइंडिंग मुलाच्या बुटाच्या प्रकाराचं हवं. एनएनएन प्रकारची आणि त्याच्याशी जुळणारी नवी बाइंडिंगं एकमेकांत चालतात, जुनी एसएनएस प्रकारची चालत नाहीत. जागा ठरवताना बूट अडकवून पाय उचलून बघा. स्कीचं पुढचं चाक खाली लोंबलं तर बाइंडिंग पुढे सरकवा, नाहीतर प्रत्येक पावलाला चाक रस्त्याला अडकेल.

सगळ्यात जास्त बिघडतं ते आसांचं समांतरपण. दोन्ही काट्यांची भोकं वेगवेगळ्या वेळी पाडली की स्की एका बाजूला ओढते. पोर ते घोट्यानं सावरत राहतं आणि महिन्याभरात नडगी दुखू लागते. भोकं एकाच पकडीत, एकाच सेटिंगवर पाडून घ्या. मग गुळगुळीत फरशीवर खडूची रेघ ओढून स्की हलकेच सोडा. दहा मीटरमध्ये एका वितीपेक्षा जास्त हटली तर काम परत करायला लावा.

चाकं म्हणून लहान मुलांच्या ढकलगाडी-स्कूटरची १००×२४ ची चाकं चालतात, बेअरिंग ६०८, बाजारात सहज मिळतात. मात्र ती कडक असतात आणि फार पळतात. वेग जास्त म्हणजे काठीवर जोर कमी आणि पडण्याचा धोका मोठा. सपाटीवर शिकून झालं की सराव हलक्या चढावरच ठेवा. पुढे कधी आयात चाकं घ्याल तेव्हा सरावाची हळू फिरणारी मागा. त्यांवरचे क्रमांक कंपनीगणिक वेगळे असतात, म्हणून क्रमांकावर न जाता ‘हळू’ असं सांगून मागवा.

पैसे मोजकेच असतील तर आधी बूट आणि काठ्या घ्या. काठ्या वर्षभर वापरता येतात, रोलर-स्की पाऊस आणि बर्फाचे महिने सोडून.

सराव कुठं करायचा? रंकाळ्याच्या काठावर पोरांना नेलं तर चाकं खडखडतात आणि काठी अडकते.
— स्केटिंग क्लब चालवणारे वाचक

पेव्हर ब्लॉकवर रोलर-स्की करू नये. सांध्यात टोक अडकतं, खांद्याला झटका बसतो, शिवाय फिरायला आलेल्या माणसांत टोकदार काठ्या घेऊन जाणं बरं नाही. सिमेंटचा रस्ताही टाळा: टोक त्यात रुतत नाही, उडतं, आणि कोपराच्या आतल्या बाजूची शीर दुखावते. हवा तो जुना, बसलेला डांबरी रस्ता. नवीन सीलकोट झालेल्या रस्त्यावर महिनाभर सुटी खडी असते. मटाराएवढा खडा शंभर मिमीचं चाक जागेवर थांबवतो.

विद्यापीठाच्या आवारासारखे, गेट असलेल्या परिसरातले रस्ते सकाळी साडेसहाच्या आत सोयीचे पडतात, पण लेखी परवानगी घ्या. एखाद्या सुरक्षारक्षकानं ‘जावा की’ म्हटलं म्हणजे परवानगी झाली असं नाही. औद्योगिक वसाहतींतले आतले रस्ते सुटीच्या दिवशी मोकळे असतात. पन्हाळ्याचा किंवा जोतिबाचा घाट रोलर-स्कीसाठी वापरू नका. चढताना मागून गाड्या, आणि उतरायची तर सोयच नाही. रोलर-स्कीला बहुधा ब्रेक नसतो आणि पाय व्ही आकारात फाकवून बर्फावर थांबता येतं तसं डांबरावर थांबता येत नाही. म्हणून रस्ता असा निवडा की शेवट चढाचा किंवा लांब सपाटीचा असेल. पहिल्या दिवशी शिकवायचं ते एकच, कडेच्या गवतात पाय घालून दोन पावलं धावत थांबणं. हेल्मेट, हातमोजे, चष्मा, भडक जाकीट लागतंच. पहिले दोन महिने गुडघा-कोपराचे पॅडही.

आणि आपल्याकडची खास अडचण: गळीत हंगाम. ऊस भरलेल्या ट्रॉल्या जातात त्या रस्त्यांवर पाचट आणि टायरचा चिखल पडलेला असतो. पाचट चाकाला गुंडाळलं की ते थांबतं आणि पोर पुढे जातं. नोव्हेंबरपासून कारखान्याच्या वाटेवरचे रस्ते सोडा.

जून ते सप्टेंबर पाऊस. रोलर-स्की बंदच ठेवायची का?
— अकरावीतली खेळाडू, राजारामपुरी

जुलै-ऑगस्टला बंदच ठेव. ओल्या डांबरावर काठीचं टोक घसरतं, पांढऱ्या पट्ट्यांवर चाक सटकतं, झाडाखालच्या रस्त्यावर शेवाळ धरतं. पाऊस आपल्याकडे तक्रार करण्याची गोष्ट झाली आहे, पण या खेळाला हे दिवस सोन्याचे आहेत: हवा गार, पायाखाली मऊ माती, आणि आजूबाजूला चढच चढ.

क्लासिकच्या काठीपेक्षा साधारण १० सेमी आखूड अशा दोन काठ्या घे. सरळ वेळूच्या, टोकाला रबरी बूच लावलेल्याही चालतील. दहा-बारा टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना दहा-बारा मीटर वर नेणारा, मातीचा चढ शोध. आधी लांब पावलांनी चालत चढ. विरुद्ध हात, विरुद्ध काठी, मागचा पाय पूर्ण सरळ होईपर्यंत ढकल. हे जमलं की तेच उड्या मारत. काठी पावलासोबतच टेकली पाहिजे. मागून टेकली तर ती नुसती सोबत येते आहे. पहिल्या आठवड्यात २० सेकंदांच्या आठ उड्या, उतरताना चालत. सहा आठवड्यांत तीन मिनिटांचे पाच चढ, मध्ये दोन-तीन मिनिटं. जांभ्या दगडावर आणि ओल्या पायऱ्यांवर उड्या नकोत. जोतिबाच्या पायऱ्या पाऊस थांबल्यावर, आणि त्या फक्त चढायच्या.

एक कारण आणखी. क्लासिक रोलर-स्कीचं चाक मागे फिरत नसल्यामुळे पाय कधीही आणि कसाही मारला तरी पकड मिळते. बर्फावर तसं नसतं. पाय उशिरा मारला की स्की मागे सरकते. म्हणून डायगोनलची सवय रोलर-स्कीवर लागली तर ती चुकीची लागते. ती मातीवर, उड्यांमधून लावलेली बरी. रोलर-स्की ठेव डबल पोलिंगला आणि स्केटिंगला.

पन्हाळ्यावर राहून सराव केला तर उंचीचा फायदा मिळेल का? तोंडाला लावायचे मास्क घ्यावेत का?
— बी. पी.एड.चा विद्यार्थी

दोन्हींना नाही. रक्तात फरक पडायला सुमारे २००० मीटरच्या वर काही आठवडे राहावं लागतं. पन्हाळा हजाराच्याही खाली. मास्क श्वास कोंडतो, हवेतला ऑक्सिजनचा दाब बदलत नाही. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर आहे. तिथे पोचल्यावर पहिले तीन-चार दिवस निम्म्या जोरानं सराव, भरपूर पाणी आणि झोप. डोकं दुखून उलटी झाली तर सराव बंद, डॉक्टर आधी.

मुलगी इनलाइन स्केटिंगमध्ये जिल्ह्यात पहिली. रोलर-स्कीवर मात्र तोल जाऊन सारखी मागच्या बाजूला पडते. वजन मागे जातंय का?
— एक आई, रुईकर कॉलनी

हो, आणि त्याचं कारण बुटात आहे. इनलाइनच्या बुटात टाच आणि घोटा पक्के बांधलेले असतात, त्यामुळे ती टाचेवर जोर देऊन बाजूला ढकलायला शिकली आहे. स्कीच्या बुटात फक्त चवडा अडकलेला असतो. ती टाचेवर जोर देते, स्की पायाखालून पुढे निघून जाते आणि ती मागे पडते. वजन कंबरेपासून पुढे आणलं तरच हे थांबतं.

काठ्या आठवडाभर काढून घ्या. सपाट रस्त्यावर एका स्कीवर घसरायचं. नाक, गुडघा आणि पायाचा अंगठा एका उभ्या रेषेत. तीन सेकंद, मग चार, मग पाच. दुसरा पाय उचललेला, पण रस्त्याला समांतर. इनलाइनवाल्या मुली ढकल संपताच पाय लगेच खाली टाकतात, कारण तिथे पावलांची गती मोजली जाते. इथे त्या पाच सेकंदांना किंमत आहे. काठ्या परत दिल्यावर दर पावलाला काठी मारायची ढब आधी शिकवा, चढाची तिरकी ढब नंतर. तिला वेगाची भीती नाही, कडेवर वजन टाकता येतं. तालमीतल्या पोरापेक्षा ती लवकर शिकेल.

काठीची लांबी कशी ठरवायची? मुलगी बारा वर्षांची, १४८ सेमी, भराभर वाढते आहे.
— एक पालक, इचलकरंजी

क्लासिकसाठी बुटासह उंची घ्या. समजा १५०, तिचे ८३ टक्के म्हणजे १२४.५. ही कमाल मर्यादा आहे, शिकताना एक-दोन सेमी कमी चालेल. स्केटिंगसाठी उंचीच्या ८९ ते ९० टक्के, म्हणजे १३२-१३३. वर्षात आठ सेमी वाढली तर दोन्ही काठ्यांत जवळजवळ सात सेमींचा फरक पडतो, म्हणून आत्ता महाग कार्बन घेऊ नका. लांबी कमी-जास्त करता येणारी अॅल्युमिनियमची जोडी घ्या. शिवाय कार्बन काठी ढकलीत भक्कम असते, पण आडवा दणका बसला की मोडते, आणि बारा वर्षांची मुलं काठ्यांनी तलवारी खेळतातच.

कुणाची मोठी काठी कापून घेणार असाल तर ती वरून कापा. मूठ गरम गोंदानं बसवलेली असते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं धरली की पिळून निघते. कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळा, बारीक दात्यांचं हॅकसॉ घ्या, कार्बन असेल तर पाणी शिंपडत आणि नाकाला मास्क लावून कापा. आधी कमीच कापा.

रस्त्यासाठी टोक कार्बाइडचं. बोथट झालं की घसरतं आणि पोर भीतीनं काठी उभी रोवायला लागतं. ती चूक मग बर्फावरही जाते. दोन-तीन सरावांनंतर डायमंडच्या कानशीनं धार द्या, साधी कानस कार्बाइडवर चालत नाही.

खुराक काय? घरी रोज थंडाई, दोन लिटर दूध आणि तूप चालू आहे.
— एक आजोबा, गंगावेस

आजोबा, तो खुराक आखाड्यात वजन राखायला ठीक. इथे चढावर प्रत्येक किलो ओढावा लागतो. दूध अर्ध्या-पाऊण लिटरवर आणा, थंडाई रविवारी. भाकरी, भात, डाळ, उसळ, अंडी पोटभर. सरावानंतर तासाच्या आत जेवण. तासाहून लांब सरावाला एक लिटर पाणी, ५० ग्रॅम गूळ, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. गाळून बाटलीत, दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट. गूळ वाढवला तर पोटात ढवळतं.

मुलींच्या पालकांसाठी जोडून: पाळी सलग तीन महिने चुकली किंवा मुलगी विनाकारण दमू लागली तर सराव वाढवून बघू नका, डॉक्टरांकडे न्या आणि हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगा.

तेरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याखालचं हाड दुखतं, हात लावू देत नाही. सराव थांबवू का?
— एक पालक, गडहिंग्लज

वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखत असेल तर बहुधा ते वाढीच्या वयातलं दुखणं आहे. मांडीचा स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो तिथलं हाड अजून कोवळं असतं आणि रोजच्या ओढीनं चिडतं. खात्री डॉक्टरांकडून करून घ्या. सूज, गुडघा अडकणं, लंगडणं किंवा रात्रीचं दुखणं असेल तर लगेच. साधा प्रकार असेल तर खोल बैठका, उड्या आणि उतार धावणं बंद. पोहणं, सपाटीवर सायकल, ट्यूबवरचं ओढकाम चालू ठेवता येतं. सरावानंतरचं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत उरलं तर प्रमाण जास्त झालं असं समजा. आणि दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करा. तीन महिन्यांत दोन सेमींहून जास्त वाढ दिसली की पुढचे काही महिने उड्या कमी. याच काळात मुलं अचानक धडपडी होतात, आलेली ढब विसरतात. ओरडू नका, हात-पाय लांब झालेत म्हणून होतं.

सप्टेंबरनंतरचा आठवडा कसा आखावा? वय १५, शाळा आणि क्लास सांभाळून.
— तीन-चार पत्रांतला समान प्रश्न

सहा-सात तास पुरतात. सोमवार सुटी. मंगळवारी रोलर-स्कीवर तासभर तंत्र, त्यात डबल पोलिंगच्या १५ सेकंदांच्या आठ जोरकस धावा, प्रत्येकीनंतर दोन मिनिटं सावकाश. बुधवारी ४५ मिनिटं हलकं धावणं. गुरुवारी चढ: तीन-चार मिनिटांचे पाच, काठ्यांसह. आठवड्यातला खरा दमवणारा दिवस हाच. शुक्रवारी ४० मिनिटं तालीम: रस्सा, एका पायावरच्या बैठका, पोट, ट्यूब. शनिवारी रोलर-स्की सव्वा तास, बोलता येईल अशा वेगानं. रविवारी दीड-दोन तास डोंगर चालणं किंवा सायकल.

बोलता येईल हा वेग पोरांना अपमान वाटतो. दोन मुलं सोबत निघाली की दहाव्या मिनिटाला शर्यत सुरू. मग गुरुवारी पाय जड, चढ अर्ध्यावर सुटतात, आणि पालक म्हणतात सराव वाढवायला हवा. शनिवारी मुलाला पूर्ण वाक्य बोलायला लावा. मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग कमी. चाचणी आठवड्याला शुक्रवार गाळा, गुरुवार गाळू नका. शिबिराच्या आधीचे दहा दिवस एकूण वेळ निम्मा, जोरकस धावा तेवढ्याच.

कुत्री मागे लागतात. काठी उगारावी का?
— बारा वर्षांचा वाचक, कळंबा

उगारू नकोस, त्यानं ती जास्त चिडतात. डबल पोलिंग थांबव, काठ्यांची टोकं मागे खाली धर, सरळ उभा राहून घसरत थांब आणि गवतात उतर. पळून त्यांच्यापेक्षा पुढे जाता येईल असं वाटतं, पण सपाटीवर ती वेगवान असतात. मोठं माणूस सोबत सायकलवर असू दे, आणि वाट दर आठवड्याला तीच ठेव. पंधरा दिवसांत कुत्र्यांना सवय होते. चावलं किंवा दात नुसता घासला तरी जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायचं. घरी सांगायला घाबरू नकोस.